कूलर सगळ्यात शेवटी: कोल्हापूरच्या उन्हाळ्यात एसीविना घर गार ठेवण्याचा क्रम

"कूलर लावलाय, दोन्ही पंखे पाचावर हाईत, सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात, तरी घर भट्टीगत तापतंय की ओ वहिनी!" दर एप्रिलला हे वाक्य मला कुणाकडून तरी ऐकायला मिळतंच. घर का तापतंय ते त्या वाक्यातच आहे. भर दुपारी खिडक्या उघड्या, म्हणजे बाहेरची झळ थेट आत. डोक्यावरच्या स्लॅबचा तर विचारच नाही. आणि खर्च सगळा कूलरवर, म्हणजे जे काम शेवटी करायचं ते आधी केलेलं.

क्रम असा आहे: आधी ऊन घराबाहेर अडवायचं. मग जी उष्णता आत शिरलीच ती रात्री बाहेर घालवायची. त्यानंतर जे उरेल त्याच्यासाठी पंखा, पाणी आणि कूलर. कोल्हापूरकरांना यात एक मोठी सोय आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या जवळ. दुपारी पारा अडतीस-चाळीसकडे गेला तरी रात्र बऱ्यापैकी उतरते आणि संध्याकाळी बहुतेक वेळा पश्चिमेचा वारा सुटतो. या रात्रीच्या गारव्याचा उपयोग न करता जो फक्त दुपारशी भांडतो, त्याचं घर गार होत नाही.

खालची कामं होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात उरकावीत. मेमध्ये सुरुवात केली तर अर्धा फायदा गेलेला असतो आणि वळवाचा पाऊस कधी येऊन काम धुऊन नेईल याचा नेम नसतो.

१. दोन दिवस फक्त बघा

दोन साधे भिंतीवरचे थर्मामीटर आणा. एक घरात, जिथे माणसं बसतात तिथे लावा. दुसरा बाहेर उत्तरेच्या बाजूला, सावलीत. बाहेरच्यावर ऊन पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान दाखवतो. सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा अशा तीन नोंदी दोन दिवस वहीत लिहा.

संध्याकाळी सात वाजता स्टुलावर चढून छताला आतून हात लावा. मग एकेका भिंतीला. पंखा बंद करूनच चढा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते काही तासांनी खाली सोडतो, म्हणून भर दुपारी छत फारसं गरम लागत नाही आणि दिवस बुडाल्यावर मात्र तव्यासारखं जाणवतं. रात्री नऊला पंख्याखाली गरम वारा का लागतो, याचं उत्तर त्या छतात असतं.

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत. त्याच्या मागोमाग पश्चिमेची आणि पूर्वेची भिंत. दक्षिणेच्या खिडकीवर मार्चमध्ये थोडं ऊन येतं, मेमध्ये जवळजवळ येतच नाही. तरी दक्षिणेला जाड पडदे आणि पश्चिमेची खिडकी उघडी, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

*तपासणी:* सातला सगळ्यात गरम काय लागलं ते लिहा. छत असेल तर दुसरा टप्पा आधी. तुमच्या वर अजून एखादा मजला असेल आणि पश्चिमेची भिंत गरम असेल, तर थेट तिसऱ्या टप्प्यावर जा.

२. छत: खरं काम इथेच आहे

*आरसीसी स्लॅब असेल तर*

जुना उघडा स्लॅब पडलेल्या उन्हाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच परत फेकतो, बाकीचं गिळतो. चुन्याचा ताजा पांढरा थर सुमारे तीन चतुर्थांश ऊन परत फेकतो. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही स्वस्त उपायाने पडत नाही.

पण चुना लावण्यात जितक्या चुका होतात तितक्या दुसऱ्या कशात होत नाहीत. आमच्या घरी पहिल्या वर्षी ज्यांना काम दिलं होतं त्यांनी सकाळी अकराला सुरुवात केली, तापलेल्या कोरड्या स्लॅबवर. ब्रश ओढला की मागे थर वाळलेला. आठ दिवसांत पायाला पांढरी भुकटी लागायला लागली आणि पहिल्या वळवात सगळं पन्हाळीतून वाहून गेलं. म्हणून पुढचा क्रम मोडू नका.

आदल्या आठवड्यात भेगा भरून घ्या. चुना गळती थांबवत नाही. गळका स्लॅब नुसता पांढरा केला तर तो पांढरा होऊन गळतो. मग तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटी भुकटी खरवडा, झाडा, पाण्याने धुवा.

चुना आदल्या रात्री भिजवा. पिशवीतली चुना पावडर सोपी आणि सुरक्षित. चुनकळी (न विरलेल्या चुन्याचे खडे) आणली असेल तर लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकची बादली नको. कळी विरताना पाणी उकळतं.

सावधान: पाण्यात कळी थोडी थोडी सोडायची. कळीवर पाणी ओतायचं नाही, ती अंगावर उडते. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच काम करा, मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका. डोळ्यात चुना गेला तर लगेच साध्या पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

आम्ही वापरतो ते प्रमाण: दहा किलो चुना पावडर, दोन किलो पांढरं सिमेंट, वीस-बावीस लिटर पाणी आणि डिस्टेंपरात घालतात तो फेविकॉल एक किलो. चुना रात्रभर भिजलेला, जुन्या सुती साडीतून गाळलेला. सिमेंट आणि फेविकॉल लावायच्या वेळीच, आणि तासाभरात संपेल एवढ्याच चुन्यात मिसळायचं. सिमेंट आवळायला लागलं की ते मिश्रण टाकूनच द्यावं लागतं. दाटपणा ताकासारखा हवा. आमच्या खडबडीत स्लॅबला एवढ्यात दोन हात मिळून तीनशे चौरस फुटांच्या आसपास होतात. तुमचा स्लॅब किती पितो ते बघायला आधी दहा बाय दहाचा तुकडा करून घ्या.

उन्हं उतरल्यावर, साडेपाच-सहाला सुरू करा. स्लॅब पाण्याने ओला करा, डबकं साचू देऊ नका, आणि ओलसर असतानाच पहिला हात लावा. ओला चुना पारदर्शक दिसतो, खालचं सिमेंट दिसत राहतं. इथे लोक घाबरून जाड थर देतात. देऊ नका. वाळताना तो आपोआप पांढरा होतो. जाड थर मात्र पापुद्रे धरतो. सकाळी लवकर पाण्याचा हलका शिडकावा द्या, आणि त्या संध्याकाळी दुसरा हात, पहिल्याला आडवा. त्यानंतर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ शिडकावा.

*तपासणी:* चौथ्या दिवशी कोरड्या तळहाताने थर चोळा. हात किंचित पांढरा होणं ठीक, भुकटीने भरला तर थर धरलेला नाही. मग भर दुपारी दोनला एक हात पांढऱ्या भागावर ठेवा आणि एक कोपऱ्यात मुद्दाम सोडलेल्या उघड्या तुकड्यावर. पांढऱ्यावर हात टिकतो, उघड्यावर टेकवताच काढावा लागतो. घरातल्या कुणाला हे सगळं पटत नसेल तर त्यांना गच्चीवर नेऊन एवढं एकच करून दाखवा.

धुळीने थर मळला की त्याचा उपयोग घटतो. पंधरा दिवसांतून एकदा पाणी मारून खराट्याने हलकं झाडा.

वाळवणाचं काय, हा प्रश्न बायका हमखास विचारतात, आणि तो बरोबर आहे. कुरडया, सांडगे, पापड थेट चुन्यावर घालू नका. खाली प्लास्टिक असलं तरी वाऱ्याने भुकटी उडून वर बसते. बाजेवर किंवा दोन लाकडी खुर्च्यांवर फळी टाकून वाळवण घाला. गच्चीचा एक कोपरा चुन्याविना ठेवला तरी चालतं.

चुना दरवर्षी लावावा लागतो. ते नको असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो. महाग, पण काही वर्षं टिकतो. त्याच्या डब्यावर एसआरआय, म्हणजे उन्हात पृष्ठ किती गार राहतं ते सांगणारा आकडा, बघा. मोजपट्टीवर ठरावीक काळ्या पृष्ठाला ० आणि ठरावीक पांढऱ्याला १०० धरतात. शंभरच्या आसपासचा किंवा वरचा घ्या. आकडाच छापलेला नसेल तर तो साधा पांढरा रंग आहे असं समजा.

*पत्रा असेल तर*

पत्रा पातळ. ऊन पडलं की काही मिनिटांत घर तापतं आणि ऊन गेलं की लवकर निवतं. त्याला सावली द्यायची. शेतीच्या दुकानात मिळणारं, पन्नास किंवा पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारं शेडनेट (सावलीची जाळी) पत्र्याच्या वर दीड-दोन फूट अंतर ठेवून ताणा. पत्र्याला चिकटवून अंथरलं तर नेट तापतं आणि ती उष्णता पत्र्याला देतं. मधून वारा वाहिला पाहिजे, ते अंतर त्याच्यासाठी.

सावधान: वळवाआधीचं वादळ शेडनेट उपटून शेजारच्या तारांवर टाकू शकतं. वीजतारांच्या जवळ नेट बांधूच नका, आणि दोरीच्या सुटत्या गाठी अशा मारा की आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत नेट उतरवता येईल.

खालून सीलिंग करायचं असेल तर पत्रा आणि सीलिंगमध्ये वीतभर तरी पोकळी सोडा, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवा. भोकं नसतील तर गरम हवा वर कोंडते आणि रात्रभर खाली उतरत राहते. थर्माकोल उघडा लावू नका, तो भरकन पेटतो. आपल्याकडे उसाचा पाला भरपूर, म्हणून काही जण पत्र्यावर पाचट पसरतात. थंडावा खरा मिळतो, पण एका ठिणगीत घर जाईल. दाट वस्तीत मी ते कुणालाही सुचवणार नाही.

*कौलारू घर असेल तर*

मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप वर निघून जाते. धूळ पडते म्हणून खालून प्लास्टिक मारलं की ती वाट बंद होते. प्लास्टिक काढा, किंवा आढ्यापाशी दोन्ही टोकांना ते उघडं सोडा. आणि उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल विसरू नका. दुपारी जमिनीवर जो उन्हाचा लख्ख चौकोन सरकत असतो, तो घरातच येतोय. त्या काचेवर वरून चुन्याचा एक हात मारा. उजेड येतो, झळ थांबते, आणि पावसात चुना आपोआप धुऊन जातो.

३. पश्चिमेची आणि पूर्वेची बाजू: पडदा बाहेरून

आतला पडदा ऊन अडवतो असं वाटतं, पण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि खोलीतच उष्णता सोडतो. बाहेरून अडवलेलं ऊन बाहेरच राहतं. म्हणून चिकाचे (बांबूच्या काड्यांचे) पडदे, शेडनेट, काहीच नसेल तर जुनी सुती साडी, पण ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला, काचेपासून वीतभर लांब.

पश्चिमेचं ऊन तिरकं येतं. वरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही, पडदा खालपर्यंत सोडावा लागतो. गॅलरी असेल तर फेब्रुवारीत दोडका किंवा घोसाळ्याचा वेल कुंडीतून जाळीवर चढवा, एप्रिलपर्यंत पानांची भिंत उभी राहते. गच्चीवर मात्र फूटभर मातीचे वाफे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. ओल्या मातीचं वजन एका चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं.

*तपासणी:* दुपारी चारला पश्चिमेच्या काचेला आतून हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर पडदा काचेला फार जवळ आहे किंवा कुठूनतरी ऊन शिरतंय.

४. उघडायचं कधी, मिटायचं कधी

याला पैसा लागत नाही, आणि सगळ्यात जास्त चुकतं तेही हेच. घड्याळ बघू नका, थर्मामीटर बघा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळं उघडा. सकाळी बाहेरचा आतल्याच्या बरोबरीला आला की सगळं मिटा. एप्रिलमध्ये माझ्याकडे हे मिटणं साडेआठ-नऊला येतं आणि उघडणं संध्याकाळी सातच्या पुढे. तुमच्या घराची वेळ वेगळी असेल, म्हणून तर वही.

दिवसभर मिटून ठेवल्यावर घर कोंदट होईल असं सासूबाईंना वाटायचं. दोन दिवस दुपारी तीनचे आकडे त्यांनाच वाचायला दिले: आत बाहेरच्यापेक्षा पाच अंश कमी. तेव्हापासून सकाळी खिडक्या मिटायचं काम त्यांनीच हातात घेतलंय. स्वयंपाकघराची एखादी झडप फटीएवढी उघडी ठेवा, गॅस पेटवला की खिडकी उघडीच हवी.

रात्री नुसती एक खिडकी उघडून भागत नाही. हवेला आत यायला आणि बाहेर जायला वेगवेगळी वाट लागते. उदबत्ती पेटवून पश्चिमेच्या खिडकीत धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तिथेच घुटमळला तर समोरचं दार किंवा खिडकी बंद आहे. स्वतंत्र घर असेल तर गच्चीच्या जिन्याचं दार रात्री उघडं ठेवा, गरम हवा त्या जिन्यातून धुराड्यासारखी वर निघून जाते. चोरीची भीती असेल तिथे आतून कुलूप लागणारं जाळीचं दार बसवून घ्या.

डासांची जाळी धुतली का, तेही बघा. धुळीने भरलेली जाळी वारा अडवते, आणि लोक म्हणतात वाराच नाही. ब्रशने घासून धुतल्यावर त्याच रात्री फरक कळतो.

५. घरातल्या चुली

स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरका. डाळ-भात कुकरला, भाकऱ्या आधी. कुरडईचा चीक शिजवायचा असेल तर पहाटे, शक्यतो गच्चीवर किंवा मागच्या अंगणात. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने खोलीत सोडतो, त्याच्या मागे वीतभर जागा ठेवा. जुने पिवळे बल्ब अजून असतील तर ते काढा. इस्त्री रात्री.

६. आता पंखा, मग पाणी, मग कूलर

पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा नुसतं बिल वाढवतो. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली तर पंखा उलट अंग तापवतो. अशा वेळी ओल्या फडक्याने अंग पुसून जमिनीवर, खालच्या मजल्यावर बसावं.

पाण्याचं काम सुकण्यात आहे. एक लिटर पाणी सुकताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता ओढून घेतं. म्हणजे पंधरा लिटरची बादली स्लॅबवर पातळ पसरून पूर्ण सुकली तर दहा युनिटांएवढी उष्णता गेली. हेच पाणी पाइपने धो-धो मारून पन्हाळीतून वाहून गेलं तर त्यातलं फारच थोडं हाती लागतं. उन्हं उतरल्यावर झारीने किंवा खराट्याने पातळ शिडकावा द्या, वाळला की पुन्हा. आंघोळीचं, भाजी धुतल्याचं पाणी वापरा. पिण्याचं पाणी गच्चीवर ओतू नका.

वाळ्याचा पडदा वाऱ्याच्या बाजूच्या उघड्या खिडकीतच लावायचा. बंद खोलीत ओला पडदा टांगला की नुसता दमटपणा वाढतो.

कूलरचीही तीच गोष्ट. तो खिडकीत बसवा, बाहेरची कोरडी हवा त्याच्या पाठीला मिळाली पाहिजे. आणि समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, ओली हवा बाहेर जायला. गारवा बाहेर जाईल म्हणून सगळं बंद करणं ही सर्रास दिसणारी चूक. अर्ध्या तासात चादरी ओलसर लागतात आणि अंग चिकचिकतं. कूलर चालू तेवढा वेळ चौथ्या टप्प्यातला मिटण्याचा नियम त्या खोलीपुरता सोडून द्यायचा, बाकीच्या खोल्या मिटलेल्याच ठेवायच्या.

सावधान: लोखंडी कूलरला अर्थिंग असलंच पाहिजे. तीन पिनांचा प्लग नुसता दिसून उपयोग नाही, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना, पुसताना बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. मुलांना ओल्या पायांनी जवळ जाऊ देऊ नका.

आठवड्यातून एकदा कूलर पूर्ण रिकामा करा, कडा घासा आणि दिवसभर कोरडा ठेवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास निघतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही, अंडी कडांना चिकटून राहतात.

म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं: घर कितीही नीट राखलं तरी वरच्या मजल्यावर त्यांना दुपारी एकटं ठेवू नका. बोलताना अडखळणं, गोंधळणं, अंग तापून कोरडं पडणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवा, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

७. वळीव पडला की पद्धत बदला

एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये दुपारनंतर आभाळ गदगदून येतं, वळीव पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून हवा दमट होते. त्या हवेत कूलर आणि ओले पडदे काम करत नाहीत. पाणीच सुकत नाही, तर उष्णता कोण ओढणार? कूलरमधलं पाणी काढा, त्याला नुसता पंखा म्हणून वापरा. खिडक्यांचा नियम तोच, फक्त पाऊस थांबल्याबरोबर, दुपार असली तरी, थर्मामीटर बघून सगळं उघडा. वळवानंतर बाहेरचा आकडा झपाट्याने उतरतो आणि लोक पाणी आत येईल म्हणून घर मिटूनच बसलेले असतात.

मिरगाच्या आठवडाभर आधी शेडनेट उतरवून घडी करून ठेवा. स्लॅबवरचे सुटलेले पापुद्रे झाडून भरा, पन्हाळीच्या तोंडाशी बसलेला चुन्याचा गाळ हाताने काढा, आणि बादलीभर पाणी ओतून ते खाली सरळ उतरतंय का बघा. पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडून द्या, त्यात चुना असतो.